अद्भुतरसाचे दप्तर

कल्पनेच्या राज्यात हिशेब चालत नाही, तेथे अंकगणिताचा शिरकाव झाला की अप्सरा अंतर्धान पावतात आणि गंधर्वनगरीचे मनोरे ढासळतात, असा जो समज आपल्या साहित्यिक मंडळींनी मोठ्या निष्ठेने जोपासला आहे, तो त्यांच्यापुरता ठीकच आहे. कारण कागदावर सोन्याचा राजवाडा उभारण्यास सोने लागत नाही, शाई लागते, आणि शाईची टंचाई आपल्या प्रांतात कधी जाहीर झाल्याचे मला आठवत नाही. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली, तेव्हापासून आपल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून किती भुयारे खणली गेली याची मोजणी कोणी केलेली नाही, आणि त्या भुयारांतून निघालेली माती कोठे टाकली असा प्रश्न एकाही वाचकाने लेखकास केल्याचे ऐकिवात नाही. ज्याची सारी हयात महसूल खात्यात गेली अशा माझ्यासारख्या इसमाला मात्र हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. गौण खनिजाच्या उत्खननास परवाना लागतो, स्वामित्वधन भरावे लागते, आणि नायिका भुयारात कोंडली आहे ही काही सबब होऊ शकत नाही.

भुयारातल्या मातीचा हिशेब ठेवणारा कलावंत मला अखेर भेटला, पण तो साहित्यात भेटला नाही. बहिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलाखाली भेटला. हे आमचे भाचेसाहेब. वय वर्षे पंधरा, इयत्ता दहावी, आवाज नुकताच फुटलेला. ओठावर मिशीची नोंद पडली आहे, पण ती प्रमाणित व्हायची आहे. खेळण्यातले जे ठोकळे डेन्मार्कपासून डोंबिवलीपर्यंत लेगो या एकाच नावाने ओळखले जातात, ते एकमेकांत अडकवून या जगात नसलेल्या वस्तू निर्माण करणे हा त्यांचा छंद, आणि ‘नसलेल्या’ या शब्दावर त्यांचा विशेष कटाक्ष. पेटीसोबत आलेल्या पुस्तिकेबरहुकूम पोलीस ठाणे किंवा अग्निशामक बंब उभारणे याला ते कला मानीत नाहीत; ती नक्कल, अस्सल नव्हे. पेटी घरात आली की पहिल्या संध्याकाळी पुस्तिकेप्रमाणे ठाणे उभे राहते, दुसऱ्या दिवशी ते जमीनदोस्त होते, आणि तिसऱ्या दिवशी त्याच ठाण्याच्या निळ्या भिंती एखाद्या जलराक्षसाच्या शेपटीत खवल्यांच्या रूपाने नांदताना दिसतात. फौजदार मात्र तेवढे बदलीच्या हुकुमाची वाट पाहत खिडकीच्या कठड्यावर उभे असतात.

या छंदाच्या जगात अशा स्वतंत्र कृतीला ‘एमओसी’ म्हणतात, म्हणजे ज्याची त्याने स्वतः योजलेली रचना. भाचेसाहेबांच्या नावावर अशा रचना बऱ्याच आहेत. कासवाच्या पाठीवर वसलेले एक बंदर त्यांनी बांधले होते, ज्यातील दीपगृह कासवाच्या श्वासाबरोबर किंचित वर-खाली होत असे. एक तरंगते बेट होते, ज्याच्या तळाशी झाडांची मुळे लोंबत होती आणि त्या मुळांत वटवाघळांची वसाहत होती. एक घुबडाच्या आकाराचे ग्रंथालयही होते, पण त्याला जिना ठेवण्याचे राहून गेल्यामुळे ते सार्वजनिक ग्रंथालयाचे हुबेहूब प्रतिरूप वाटत असे. घरी येणारे पाहुणे या कृतींकडे कौतुकाने पाहतात आणि मग नेमका विचारू नये तो प्रश्न विचारतात, “हे कुठल्या सेटमधलं रे?” त्या वेळी भाचेसाहेबांच्या मुद्रेवर जी छटा उमटते, ती मी पूर्वी एकदाच पाहिली होती, आमच्या कचेरीतल्या एका कवीला कोणीतरी ही चाल कुठल्या सिनेमातली असे विचारले तेव्हा.

प्रथम मीही इतरांसारखाच समजून होतो की हा मुलगा स्वप्नाळू आहे. स्वप्नाळू माणसे मला आवडतात, पण त्यांच्या हाती किल्ल्या देऊ नयेत असे माझे मत आहे. पुढे त्यांच्या सहवासात अधिक वेळ गेला, तेव्हा उमगले की हा स्वप्नाळू वगैरे काही नसून जन्मजात शिरस्तेदार आहे. राक्षस, पऱ्या आणि उडती बेटे हे केवळ त्याच्या दप्तराचे विषय आहेत.

एके रविवारी मी त्यांच्या खोलीत डोकावलो, तो जमिनीवर सुमारे चाळीस डबे मांडलेले. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, पेढ्यांचे, औषधांचे. मी सहज म्हणालो, “वा! लाल एकीकडे, निळे एकीकडे, असं लावतोयस वाटतं?” भाचेसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की वरिष्ठ कार्यालयातून आलेल्या तपासणी पथकाची मला आठवण झाली. “मामा, रंगावरून नवशिके लावतात. लाल ढिगातला बारीकसा लाल तुकडा शोधून दाखव बरं. आकारावरून लावले की रंग आपोआप डोळ्यांत भरतो.” मी थक्क झालो. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत म्हणून एक पद्धत आहे, ज्यात चालू कागद, प्रतीक्षेतले कागद, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद असे सहा गठ्ठे प्रत्येक कारकुनाने बांधायचे असतात. ही पद्धत समजावून सांगण्यात अनेक अधिकाऱ्यांची उमेद गेली आणि समजून घेण्यात अनेक कारकुनांची. या मुलाने कोणतेही परिपत्रक न वाचता तिच्याहून सूक्ष्म पद्धत श्रीखंडाच्या डब्यांत बसवली होती. भेद इतकाच की त्याच्याकडे सहावा गठ्ठा नाही. तेथे काहीच नष्ट होत नाही, राक्षस मेला की त्याचे दात पुन्हा संबंधित डब्यात जमा होतात.

त्यातही क्रमांक! प्रत्येक ठोकळ्याचा एक नमुना-क्रमांक असतो, तो आतल्या बाजूस बारीक अक्षरांत उमटवलेला असतो, आणि आपण ज्याप्रमाणे जमिनीला गावकऱ्यांनी ठेवलेल्या लडिवाळ नावापेक्षा गट नंबराने ओळखतो, त्याप्रमाणे या पंथाचे लोक ठोकळ्याला क्रमांकाने हाक मारतात. आठ उंचवट्यांचा जो सर्वपरिचित ठोकळा, तो ३००१. त्याचा चौरस धाकटा भाऊ ३००३. एका उंचवट्याचा, पण बगलेलाही एक उंचवटा असलेला जो इटुकला जीव, तो ४०७०. मोटारीच्या दिव्याच्या कामी येतो म्हणून त्याला हेडलाइट म्हणतात, परंतु भाचेसाहेबांच्या राज्यात मोटारी नसल्यामुळे तो डोळे, नाकपुड्या आणि क्वचित प्रसंगी गळवे या खात्यांत वर्ग झालेला आहे. “मामा, तुझ्या पायाशी चाळीस-सत्तर पडलाय, दे ना,” असे ते मला म्हणाले, तेव्हा एखाद्या मुरलेल्या तलाठ्याने उतारा मागावा तसा त्यांचा स्वर होता.

मग मी या विषयाच्या मूळ कागदपत्रांकडे वळलो. वहिवाट पाहायची तर आधी सनद पाहावी, ही आमची शिस्त. डेन्मार्कच्या जटलंड प्रांतात बिलुंड नावाचे एक गाव आहे. तेथील ओले कर्क क्रिस्तियनसन नावाच्या सुताराला जागतिक मंदीत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ साली त्याने लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला, आणि १९३४ साली कारखान्याला लेगो हे नाव दिले. या गृहस्थाविषयी एक कथा त्या घराण्यात सांगितली जाते, ती मला फार आवडते. मुलगा गोटफ्रेड एकदा आनंदाने सांगत आला की, बाबा, आज मी आपले पैसे वाचवले. चाकांच्या लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात रोगण दिले आणि माल रवाना केला. बापाने त्याला परत स्थानकावर पिटाळले, पेट्या माघारी आणवल्या आणि रात्रभर बसवून प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायला लावला. आमच्या सार्वजनिक बांधकामांच्या इतिहासात असा एखादा बाप होऊन गेला असता तर पावसाळ्यात प्रवास करणाऱ्यांनी त्याचे पुतळे उभारले असते.

हाच गोटफ्रेड पुढे कारखान्याचा चालक झाला. प्लास्टिकचे ठोकळे १९४९ पासूनच निघत होते, इंग्लंडातील हिलरी फिशर पेज यांच्या तशाच ठोकळ्यांवरून ते सुचलेले होते, परंतु ते आतून पोकळ असल्यामुळे त्यांची परस्परांवरील पकड कच्ची होती. एकमेकांवर रचले तर राहत, उचलले तर निखळत. यावर तोड निघाली ती ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवण्याची, म्हणजे खालच्याचे उंचवटे वरच्याच्या नळ्या आणि भिंती यांच्या कचाट्यात सापडतात. या युक्तीच्या एकस्वाचा अर्ज डेन्मार्कमध्ये दाखल झाला तो २८ जानेवारी १९५८ रोजी, दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. ही वेळ वाचून मी आसनावरून उठून उभा राहिलो. भर दुपारी, जेवणाच्या वेळेच्या उंबरठ्यावर, आवक विभागाची खिडकी उघडी आहे, तेथे माणूस आहे, आणि तो माणूस मिनिटांसह नोंद घेत आहे! अद्भुतरम्य म्हणतात ते हेच. ड्रॅगन वगैरे त्यानंतर.

आणखी एक कागद या दप्तरात सापडला. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारांनी जोडता येतील, याचा आकडा कारखाना वर्षानुवर्षे १०,२९,८१,५०० असा छापत होता. पुढे कोपनहेगन विद्यापीठातील सोरेन आयलर्स या गणितज्ञाने तपासणी केली, तो काय, ती मोजणी फक्त सहा मजली मनोऱ्यांपुरतीच होती. ठोकळे शेजारी-शेजारी बसवून होणाऱ्या बुटक्या रचना हिशेबातच धरल्या नव्हत्या. संगणकाला कामाला लावून दुरुस्त आकडा काढला गेला, तो ९१,५१,०३,७६५. एवढी मोठी बेरीज-चूक आमच्याकडे झाली असती तर तीन चौकशी समित्या बसल्या असत्या. भाचेसाहेबांना मी हा आकडा सांगितला, त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “पण त्यातले बहुतेक अगदीच बेढब असणार.” समीक्षेचा इतका संक्षिप्त आणि इतका व्यापक निकाल मी अन्यत्र वाचलेला नाही.

आता हे स्वातंत्र्य एवढे अफाट आहे असे कळल्यावर कोणीही समजेल की कलावंताने मनाला येईल तसे करावे. येथेच गंमत आहे. ठोकळ्यांच्या राज्यात जेवढे कायदे आहेत तेवढे आमच्या जमीन महसूल संहितेतही नसतील, आणि जे आहेत ते मोडण्याची सोय त्याहून कमी आहे. दोन उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर आठ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची नऊ पूर्णांक सहा दशांश. त्याच्या एक-तृतीयांश उंचीची जी चपटी पट्टी, तिला प्लेट म्हणतात, ती तीन पूर्णांक दोन दशांश. यातून असा दर निघतो की पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की बरोबर दोन उंचवट्यांची रुंदी होते. उभे पाच म्हणजे आडवे दोन. हे सूत्र ज्याला ठाऊक नाही त्याच्या इमारतीत सर्व उंचवटे आकाशाकडेच पाहत राहतात, आणि ज्याला ठाऊक आहे तो ठोकळे आडवे बसवून भिंतीला कमान, कमानीला महिरप आणि महिरपीला भुवई काढू शकतो. पाच-दोनच्या या दरावर भाचेसाहेबांचे सारे अद्भुत उभे आहे. राक्षसाचा जबडा मिटत नसला तर ते राक्षसाच्या स्वभावात दोष शोधत नाहीत. कोठेतरी एक प्लेट जास्त झाली असणार, असे म्हणून पोटापासून मोजायला बसतात.

त्यातून कायदेभंग हा प्रकारही आहे. या छंदात काही जोडण्यांना चक्क ‘बेकायदेशीर’ म्हणतात. दोन उंचवट्यांच्या मधल्या फटीत प्लेट उभी खुपसली तर ती बसते. फट आणि प्लेट दोन्ही तीन पूर्णांक दोन दशांशच, म्हणजे हिशेबाने बसायलाच हवी. परंतु तसूभरही मोकळीक न राहिल्यामुळे प्लास्टिकवर ताण येतो, भाग कालांतराने फाकतात, सबब कारखान्याचे रचनाकार स्वतः ते करीत नाहीत. भाचेसाहेबांच्या घुबडाच्या कानांत मला अशी एक प्लेट आढळली. मी ती निदर्शनास आणली, तेव्हा ते ओशाळले नाहीत, गरम झाले नाहीत, शांतपणे म्हणाले, “ते अतिक्रमण आहे, पण तात्पुरतं.” हे वाक्य त्यांनी कोठे ऐकले असावे याचा मला दाट संशय आहे.

कल्पनेवर हिशेबाचा अंकुश नसला तर काय होते याचा दाखला बाहेर शोधायलाही नको, तो खुद्द लेगो कारखान्यानेच घालून दिला आहे. १९९० नंतरच्या काळात तेथील रचनाकारांना मोकळे रान मिळाले. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी नवा भाग, प्रत्येक नव्या भागासाठी नवा साचा, असे करता-करता भागांचे प्रकार बारा हजारांच्या वर गेले, आणि २००३ साली कारखाना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. २००४ मध्ये योर्गेन विग क्नुडस्टॉर्प नावाचा तरुण मुख्याधिकारी आला, त्याने भागांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले आणि कारखाना सावरला. त्या पडत्या काळात ज्या थोड्या गोष्टी खपत होत्या त्यांत २००१ साली आलेली ‘बायोनिकल’ ही मुखवटेधारी यंत्रवीरांची माळ होती, म्हणजे अद्भुतरसानेच घर तोलून धरले होते, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. भाचेसाहेबांना हा इतिहास पाठ आहे. साच्यांची संख्या घटल्याचा त्यांना आनंदच वाटतो. “भाग कमी असले की डोकं चालवावं लागतं,” असे ते म्हणतात, आणि हे वाक्य त्यांच्या मातोश्रींनी ऐकू नये म्हणून आवाज खाली आणतात. कारण मातोश्री हाच मुद्दा नवी पेटी नाकारताना वापरू शकतील.

नव्या पेटीचा विषय या घरात अर्थसंकल्पाइतक्याच गांभीर्याने हाताळला जातो, आणि त्याला अर्थसंकल्पच कारण आहे. परदेशी खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेले आणि २०२३ साली सत्तरावर. शासनाचा सेवक या नात्याने मी या धोरणाचे समर्थन करणे क्रमप्राप्त असल्याने ते करतो; मामा या नात्याने दिवाळीला दुकानात गेलो की तेच समर्थन घशात अडकते. यावर उपाय म्हणून न्यू जर्सीतील एका चुलतभावाच्या मुलाने महाविद्यालयात जाताना टाकून दिलेले ठोकळे एका प्रवासी बॅगेतून आले. त्यातून एक नवीनच तंटा उद्भवला. कारखान्याने २००४ च्या सुमारास राखाडी रंगाची छटा बदलली, ती किंचित निळसर केली. न्यू जर्सीचा राखाडी जुन्या राजवटीतला, पुण्यातला राखाडी नव्या राजवटीतला, आणि दोन्ही एका भिंतीत बसवले की जुन्या सातबाऱ्यावर नवी शाई पडावी तसा भेद उघडा पडतो. जगभरचे या पंथाचे लोक त्या बदलाविषयी अजून हळहळतात, असे भाचेसाहेब सांगतात. त्या वेळी ते स्वतः जन्मलेही नव्हते, पण वारसाहक्काने मिळालेले दुःख ते इमानाने वाहतात.

त्यांच्या राज्यकारभारात मी एकदा हस्तक्षेप केला. कासवावरील बंदराचा गड पाहून मी विचारले की येथे वसूल कोण करतो, आणि खजिना कोणाच्या ताब्यात असतो. उत्तर आले, ड्रॅगनच्या. मी विचार केला, तो व्यवस्था निर्दोष आढळली. युरोपातील कथांतला ड्रॅगन सोन्याच्या राशीवर बसतो, स्वतः एक पैही खर्च करीत नाही, दुसऱ्याला करू देत नाही, आणि बिल घेऊन येणाऱ्यावर जाळ सोडतो. कोषागारात आयुष्य काढलेल्या माझ्या परिचयाच्या अनेक सज्जनांत एवढीच उणीव होती की त्यांना पंख नव्हते. ठोकळ्यांच्या राज्यातील ड्रॅगनांच्या नोंदीही कशा चोख असतात पाहा. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘टोकियो एक्स्प्रेस’ या मालवाहू जहाजाला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ एका प्रचंड लाटेने तडाखा दिला, बासष्ट कंटेनर समुद्रात गेले, आणि त्यांपैकी एकात लेगोचे जवळजवळ अठ्ठेचाळीस लाख तुकडे होते. दैवयोग असा की त्यांतले पुष्कळसे समुद्रविषयकच होते, पाणबुड्यांच्या पायांतले पंख, भाले आणि अष्टपाद. त्यांच्या सोबतीला तेहतीस हजारांवर ड्रॅगन. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर हौशी मंडळी अजूनही ते वेचतात आणि मालाच्या यादीशी ताडून पाहतात. समुद्राने तेहतीस हजार ड्रॅगन गिळले, तरी यादी शिल्लक राहिली.

हे भाचेसाहेबांच्या तोंडून ऐकून मी म्हणालो, “मग तुझ्या गडाचीही यादी कर. आणि शिवकालात गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे निरनिराळे अंमलदार असत, एकाच्या हाती सर्व सत्ता राहू नये म्हणून. तुझ्या ड्रॅगनवर वचक कोणाचा?” त्यांनी दुसऱ्याच दिवशी कारखानीस नेमला. तो एक सांगाडा होता, हाती वही. “उपाशी राहतो म्हणून खाणार नाही,” असे नेमणुकीचे कारण देण्यात आले.

त्यानंतर शाळेची सहल शिवनेरीला गेली, आणि भाचेसाहेबांच्या कलेने दिशा बदलली. शिवनेरीच्या वाटेवर सात दरवाजे लागतात, त्यांपैकी एकाचे नाव परवानगीचा दरवाजा. हे नाव त्यांनी मला येऊन सांगितले तेव्हा दोघांनाही सारखाच आनंद झाला, जरी कारणे निराळी होती. त्याहून मोठा लाभ झाला तो शरभाचा. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर जे शरभ कोरलेले असतात, सिंहासारखा देह, विक्राळ जबडा, कधी पंख, आणि पंजांत मांजराने उंदीर दाबावेत तसे हत्ती दाबलेले, ते पाहून या मुलाच्या ध्यानात आले की पाथरवटांनी हे काम त्याच्या कितीतरी आधी, छिन्नीने करून ठेवले आहे. हत्तींच्या प्रमाणाची फिकीर न करता. काही शिल्पांत तर चार पायांखाली चार आणि शेपटीच्या वेटोळ्यात पाचवा हत्ती असतो.

ठोकळ्यांचा शरभ घडताना मी जवळ बसून पाहिला. पाठ चार उंचवट्यांची, सम. आयाळ मधोमध एकाच ओळीत हवी, विषम. समाच्या मधोमध विषम बसत नाही. यासाठी ३७९४ क्रमांकाची एक चतुर प्लेट असते, दोन उंचवट्यांच्या जागी मध्यभागी एकच उंचवटा असलेली; ती घातली की पुढचे सारे अर्ध्या घराने सरकते. अशा सात प्लेटा पाठीच्या कण्यावर बसल्या तेव्हा आयाळ मध्यावर आली. मग ४०७० चे डोळे, तोंड मागे वळवून बसवलेले, म्हणजे बुबुळे खोल गेली. जबडा मोठा झाला, इतका मोठा की शरभ पुढे कलंडू लागला, आणि दरवेळी नाकावर आपटून त्याची दंतपंक्ती कोचाखाली जाऊ लागली. भाचेसाहेबांनी मागच्या पायांत वजन घातले, पाय रुंद केले, पाय लांब केले, काही होईना. शेवटी शिल्पाचे छायाचित्र पुन्हा पाहून त्यांनी शेपटीत पाचवा हत्ती अडकवला, आणि शरभ चारी पायांवर निश्चल उभा राहिला. भिंतीत कोरलेल्या शरभाला तोल सांभाळायचा नसतो. तरीही हे तोलाचे वजन शिल्पात आयते हजर होते. भाचेसाहेबांचे मत असे की मूळ कारागिराने आधी मातीचा करून पाहिला असावा. मत निराधार आहे, पण मी त्यावर शेरा मारला नाही. मागच्या मांड्या न्यू जर्सीच्या राखाडीत झाल्या आणि खांदे पुण्याच्या. ऊन-पावसाने झिजलेला दगड म्हणून तो दोष यादीत दाखल करून घेण्यात आला.

या सगळ्यातून पुढे काय होणार, असा प्रश्न भाचेसाहेबांचे वडील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतात. मी त्यांना सांगतो की ज्याला दहा हजार तुकडे जागच्या जागी ठेवता येतात आणि नसलेल्या प्राण्याच्या मानेचा तोल काढता येतो, त्याला पुढे काहीही होता येईल. त्यावर त्यांचे म्हणणे असे पडते की मग त्याला दप्तरात डबा ठेवता येईल काय.

सध्या एक प्रकरण प्रलंबित आहे. शरभाला शोभेल असा परवानगीचा दरवाजा बांधण्यासाठी भाचेसाहेबांनी आपल्या मातोश्रींकडे लेखी मागणीपत्र सादर केले, अनुक्रमांक, नमुना-क्रमांक, छटा, नग आणि प्रयोजन अशा पाच रकान्यांचे. त्याचा मसुदा मी पाहिला होता, किंबहुना ‘प्रयोजन’ हा रकाना माझाच. मातोश्रींनी त्यावर “दहावीच्या निकालानंतर पुन्हा सादर करावे” असा शेरा लिहून कागद परत केला. भाचेसाहेबांनी मुदतीत अपील केले, ते आजीकडे. आजीने चष्मा न लावताच सही ठोकली, वर हत्ती पाचच कशाला, चांगले सात आणा, असा तोंडी हुकूम दिला. तोंडी हुकूम दप्तरी घेता येत नाही, हे मी भाचेसाहेबांच्या कानात सांगितले. त्यांनी तत्काळ वही पुढे सरकवली, आणि आजीने अंकी व अक्षरी दोन्ही लिहून दिले.